चौदा हंगाम अपील केलं, आता निर्णय द्यायचा?

पत्र थोडक्यात असं आहे :

"वय ३४. मध्यमगती गोलंदाज. चौदा हंगाम प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलो, देशाकडून खेळायची वेळ आली नाही. खांद्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाल्यावर वेग गेला आणि यंदा संघातून नाव वगळलं गेलं. त्याबद्दल तक्रार नाही. संघटनेतल्या एका ज्येष्ठांनी पंचाची परीक्षा द्यायला सुचवलं आहे. एका अकादमीतून गोलंदाजी प्रशिक्षक म्हणूनही बोलावणं आहे. मन पंचगिरीकडे ओढतं, पण काही गोष्टी अडवतात. ज्यांना खेळता येत नाही ते पंच होतात, असं आम्हीच ड्रेसिंग रूममध्ये म्हणायचो. दुसरं, माझ्या सर्वांत महत्त्वाच्या सामन्यात एका पंचांनी सरळसरळ पायचीत नाकारलं. त्या फलंदाजाने पुढे शतक ठोकलं आणि निवड समितीचे लोक ते बघत बसले होते. मी ते अजून विसरलेलो नाही. असा माणूस पंच म्हणून कसा उभा राहणार? तिसरं, ज्यांच्याबरोबर खेळलो त्यातले बरेच जण अजून खेळताहेत. जुना जोडीदार माझ्याकडेच वळून अपील करेल तेव्हा काय करू? मित्र म्हणतात, पुढे सगळं मशीनच ठरवणार आहे. पत्नी म्हणते, इतकी वर्षं घराबाहेर होतास, आता पुन्हा तेच का? गोलंदाजी मला कळते, त्यामुळे परीक्षा अवघड जाणार नाही एवढी मात्र खात्री आहे."

नमस्कार,

तुम्ही मांडलेल्या सगळ्या अडचणींपेक्षा मला तुमच्या शेवटच्या वाक्याची जास्त काळजी वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२०२२ मध्ये बीसीसीआयने महिला आणि कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठी पंच निवडायला परीक्षा घेतली होती. १४० जण बसले, पास झाले फक्त ३. त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आलेला एक प्रश्न वाचताना तो गोलंदाजांना अडकवायलाच काढलाय की काय असं वाटतं. गोलंदाजाच्या चेंडू टाकणाऱ्या हाताच्या तर्जनीला जखम आहे. जखम खरी आहे अशी पंच म्हणून तुमची खात्री पटली आहे, चिकटपट्टी काढली तर रक्त येईल हेही दिसतंय. तरी पट्टी काढायला लावाल का? तुम्ही स्वतः सोललेल्या बोटांनी कितीतरी स्पेल (सलग षटकं) टाकले असतील. तुमच्या मनात पटकन येणार, "जाऊ दे, टाकू दे बिचाऱ्याला." अपेक्षित उत्तर होतं : गोलंदाजी करायची असेल तर पट्टी काढावीच लागेल.

हा प्रश्न नियम पाठ असल्या-नसल्याचा वाटतो, पण त्यात आणखी एक परीक्षा आहे. तुमचा अनुभव तुम्हाला गोलंदाजाच्या बाजूला नेऊन उभा करतो आणि तुम्हाला ते कळतही नाही. पंचगिरीत तुम्हाला सर्वांत जास्त कष्ट इथेच पडणार आहेत. चौदा हंगाम प्रत्येक चेंडूकडून तुम्हाला काहीतरी हवं होतं. आता तोच चेंडू काहीही न मागता बघायचा आहे. सामना रंगावा, निकाल लागावा, चांगल्या चेंडूचं चीज व्हावं, यातलंही काही मागायचं नाही.

गोलंदाज असण्याचा फायदा आहेच, तो मी नाकारत नाही. मनगट कुठे वळलं, सीम (चेंडूची शिवण) सरळ आहे की डगमगते, चेंडू हवेत स्विंग झाला की खेळपट्टीवरून वळला, हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे चेंडू सोडल्यावर पुढे जाताना, मुद्दाम खेळपट्टीच्या मधल्या राखीव पट्ट्यात पाय टाकणारा, चेंडूशी नको ते चाळे करणारा, पायचीत नाही हे माहीत असूनही पंचांवर दडपण आणायला घसा फोडणारा, हे सगळे तुम्ही दुरून ओळखाल. पण उणी बाजूही तेवढीच मोठी आहे. तुमचा स्वतःचा पुढचा पाय क्रीजवर कसा पडतो हे टाकताना तुम्ही कधी पाहिलेलं नाही. चोरटी धाव घेताना फलंदाजांनी एकमेकांना नेमकं कधी ओलांडलं, बॅट क्रीजच्या आत टेकली की नाही, याकडे तुमचं लक्ष असण्याचं कारणच नव्हतं. पंचाला ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूसाठी जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात पाय बघून नजर वर उचलायची, टप्पा पकडायचा, आदळल्याची जागा पकडायची, कडेचा आवाज ऐकायचा. त्यानंतर, पॅड मध्ये नसतं तर चेंडू कुठे गेला असता याचा विचार.

आता त्या पायचीताबद्दल. तुमच्या पत्रातला तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. एक विचारतो, राग मानू नका : तो चेंडू तुम्ही कुठून पाहिलात? चेंडू हातातून सुटल्यावर तुम्ही धावत होता, डोकं खाली-वर होत होतं, आणि पाय खेळपट्टीच्या बाजूला वळले होते, कारण नियमाने वळावेच लागतात. पंच स्टंपांच्या मागे, रेषेत, स्थिर उभे होते. शिवाय तुम्हाला बळी हवा होता, त्यांना काही नको होतं. ते चुकलेच नसतील असं मी म्हणत नाही. पंच चुकतात, आणि त्यात एखाद्याचं खरंच मोठं नुकसान होतं. पण "सरळसरळ बाद" ही खात्री तुम्ही ज्या जागेवरून बाळगली, ती जागा खात्री बाळगण्याजोगी नव्हती. आज डीआरएस (रिप्ले बघून पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी) असलेले सामने बघा. गोलंदाजाच्या आग्रहावरून कर्णधार रिव्ह्यू मागतो आणि चेंडू लेग स्टंपच्या बराच बाहेर जाताना दिसतो, असं किती वेळा होतं! ते गोलंदाज खोटं बोलत नसतात. त्यांना तसंच दिसलेलं असतं.

या जखमेमुळे तुम्ही पंच होऊ शकणार नाही असं मला वाटत नाही. ती तपासून न बघता मैदानात उतरलात तर मात्र दोन्हीपैकी एक होईल. तुमच्यावर झालेला अन्याय दुसऱ्या कुणावर होऊ नये म्हणून तुम्ही गोलंदाजांना सढळ हाताने बळी द्याल. किंवा, आणि तुमच्या स्वभावाकडे बघता मला याचीच भीती जास्त वाटते, आपण पक्षपाती नाही हे सिद्ध करायला गोलंदाजांशी गरजेपेक्षा कठोर वागाल. संशयाचा फायदा फलंदाजाला देणं निराळं आणि स्वतःच्या भूतकाळाचा धसका घेऊन निर्णय देणं निराळं.

चुकीबद्दल बोलतो आहोत तर कुमार धर्मसेना यांचं उदाहरण घेऊ. श्रीलंकेचा हा ऑफस्पिनर १९९६ चा विश्वचषक अंतिम सामना खेळला आणि २०१५ च्या अंतिम सामन्यात पंच म्हणून उभा राहिला. दोन्ही भूमिकांत विश्वचषकाचा अंतिम सामना अनुभवणारा तो पहिला माणूस. २०१२ आणि २०१८ मध्ये आयसीसीने त्यांना वर्षातले सर्वोत्तम पंच म्हणून निवडलं. त्याच धर्मसेनांनी २०१९ च्या अंतिम सामन्यात, क्षेत्ररक्षकाचा थ्रो धाव घेणाऱ्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला तेव्हा इंग्लंडला ६ धावा दिल्या. थ्रो झाला त्या क्षणी फलंदाजांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलं नव्हतं, त्यामुळे नियमाप्रमाणे ५ व्हायला हव्या होत्या. टीव्हीवर रिप्ले पाहिल्यावर निर्णय चुकल्याचं त्यांनी उघडपणे मान्य केलं. मैदानावर आपल्याजवळ रिप्ले नव्हता हेही सांगितलं, आणि पंच म्हणून पुढे उभे राहत राहिले. तुम्ही परीक्षेचा विचार करताय, पण अशा सामन्यानंतरच्या सकाळी पुन्हा कोट चढवून मैदानात उतरायची तयारी आहे का, याचाही विचार करा. वाईट स्पेलनंतर गोलंदाजाला दुसरा स्पेल मिळतो, विकेट मिळाली की मागचे चौकार पुसले जातात. पंचाची चूक पुढच्या दहा अचूक निर्णयांनी पुसली जात नाही, कारण अचूक निर्णय कुणी मोजत नाही.

"ज्यांना खेळता येत नाही ते पंच होतात" याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते खोटं आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. एस. वेंकटराघवन यांनी ५७ कसोटींत १५६ बळी घेतले, पहिल्या दोन्ही विश्वचषकांत भारताचं नेतृत्व केलं आणि नंतर ७३ कसोटींत पंचगिरी केली. पॉल रायफल १९९९ च्या विश्वविजेत्या ऑस्ट्रेलियन संघात होते. तुमच्या अधिक जवळचं उदाहरण केरळच्या के. एन. अनंतपद्मनाभन यांचं : प्रथम श्रेणीत ३४४ बळी घेणारा लेगस्पिनर, भारताकडून संधी नाही, आणि २०२० मध्ये आयसीसीच्या आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत. २००८ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सामनावीर ठरलेला अजितेश अरगल हाही मध्यमगती गोलंदाज आता पंचगिरीकडे वळला आहे. उलट टोकाला सायमन टॉफेल आहेत. ते प्रथम श्रेणी क्रिकेट कधी खेळले नाहीत, तरी २००४ ते २००८ अशी सलग पाच वर्षं सर्वोत्तम पंच ठरले. म्हणजे पंच होणं हा तुमचा अपमान नाही, आणि घेतलेले बळी हे तुमचं प्रमाणपत्रही नाही. नावावर बढती मिळेल अशी आशा कुठे दडून असेल तर ती आत्ताच काढून टाका. रायफल आणि इंग्लंडचे डावखुरे फिरकीपटू रिचर्ड इलिंगवर्थ हे दोघेही कसोटी खेळलेले. खेळणं थांबल्यापासून आयसीसीच्या एलिट पॅनेलपर्यंत (पंचांच्या सर्वोच्च यादीपर्यंत), म्हणजे २०१३ पर्यंत पोचायला दोघांनाही दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

मशीनचं म्हणाल, तर मित्रांची भीती अर्धी खरी आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुढच्या पायाचा नो-बॉल आता तिसरे पंच बघतात. पण जगात रोज जेवढं क्रिकेट खेळलं जातं त्यातल्या फारच थोड्या सामन्यांना डीआरएस असतो. जिथे असतो तिथेही 'अंपायर्स कॉल', म्हणजे अगदी काठावरचा निकाल, आला की मैदानावरच्या पंचांचा निर्णयच कायम राहतो. शिवाय प्रकाश पुरेसा आहे का, ओल्या मैदानावर खेळवायचं का, चेंडू बदलायचा का, भांडायला निघालेल्या दोन खेळाडूंच्या मध्ये कधी जाऊन उभं राहायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं. उलट रिप्लेमुळे पंचाचं काम अधिक उघड्यावर आलं आहे. तुमचा निर्णय चुकीचा ठरल्याचं मोठ्या पडद्यावर सगळं मैदान बघतं, आणि तुम्हाला तिथेच उभं राहून तो बदलल्याची खूण करावी लागते. ते जमेल का, हे स्वतःला विचारा.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निवडीचा प्रश्न : प्रशिक्षक की पंच? तुम्ही अकादमीचं एका वाक्यात उरकलंत. तिथे मी तुम्हाला थांबवतो. कल्पना करा, तुम्ही गोलंदाजाच्या टोकाला उभे आहात. एकोणीस वर्षांचा पोरगा धावत येतो. वेग आहे, उंची आहे, पण चेंडू सोडताना मनगट बाजूला पडतंय आणि आउटस्विंगर (हवेत बाहेर वळायला हवा तो चेंडू) सरळ जातोय. एका वाक्यात सुधारेल अशी चूक. तुमच्या हातात त्याची टोपी आहे, षटक संपल्यावर तो ती घ्यायला तुमच्याजवळ येणार आहे. आणि तुम्ही एक अक्षरही बोलू शकत नाही. दिवसभर नाही, पुढच्या सामन्यातही नाही. हे वाचताना तुमचा जीव तुटत असेल, तर तुमची जागा कदाचित अकादमीत आहे आणि त्यात काहीही कमीपणा नाही. उलट ते पाहून मनात फक्त "पाय मागे पडला, चेंडू वैध" एवढंच उमटेल असं वाटत असेल, तर पंचगिरी तुम्हाला मानवेल. अपील न करणाऱ्या गोलंदाजाचंही तसंच आहे. फलंदाज बाद आहे हे तुम्हाला दिसतंय, पण कुणी अपीलच केलं नाही, तर नियमाप्रमाणे तुम्ही त्याला बाद देऊ शकत नाही. गप्प उभं राहायचं.

दोन्ही नको वाटलं तर तिसरी वाटही आहे. जवागल श्रीनाथ निवृत्तीनंतर सामनाधिकारी झाले आणि २००६ पासून आयसीसीसाठी ते काम करताहेत. शिस्त, अहवाल, सुनावणी यात मन रमत असेल तर राज्य संघटनेत त्या कामाचीही चौकशी करा.

जुन्या जोडीदाराचं मला तुमच्याइतकं अवघड वाटत नाही, पण त्याची व्यवस्था आधीच करून ठेवायला हवी. संघटनेला लेखी कळवा की पहिले दोन-तीन हंगाम तुमच्या जुन्या संघाच्या सामन्यांवर नेमणूक नको. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडा आणि का पडताय ते जाण्यापूर्वी तिथेच लिहा. हे वाटतं तितकं सोपं जाणार नाही, चौदा वर्षांची गंमतजंमत तिथे आहे. जवळच्या दोघा-तिघांना फोन करून सांगा की घरी या, जेवायला या, पण हंगाम चालू असताना कुठल्याही निर्णयाविषयी बोलणं होणार नाही. मैदानावर टोपणनावाने हाक मारायची नाही, त्यांनीही आणि तुम्हीही. आणि तरीही एक दिवस तो वळून अपील करेल. त्या वेळी तुम्हाला वाचवेल ती सवय : प्रत्येक अपिलाला, कुणाचंही असो, तेच प्रश्न त्याच क्रमाने. चेंडू वैध होता का, टप्पा कुठे, बॅटला आधी लागला का, पॅडवर कुठे आदळला, पुढे कुठे जात होता. पाचही उत्तरं मिळेपर्यंत हात खालीच ठेवायचा. घाई करणाऱ्या पंचापेक्षा दोन श्वास जास्त घेणाऱ्या पंचावर खेळाडू विश्वास ठेवतात.

पत्नीचं म्हणणं मला तुमच्या पत्रातलं सर्वांत व्यवहारी वाक्य वाटलं. सुरुवातीची काही वर्षं सामने मिळतील तेव्हाच मानधन मिळेल, आणि बहुतेक सामने घरापासून लांब असतील. खेळाडूला निदान संघाची सोबत असते. पंच दोघंच असतात, तेही दर सामन्याला बदलणारे. सध्याची नोकरी असेल तर ती सोडू नका, आणि किती हंगामांत कुठल्या पायरीपर्यंत पोचलो नाही तर थांबायचं हे दोघांनी मिळून आजच ठरवा. तब्येतीचंही सांगा त्यांना. स्क्वेअर लेगला उभं राहणं सुरक्षित वाटतं, पण २०१६ च्या डिसेंबरमध्ये वानखेडेवर पॉल रायफल यांच्या डोक्यावर क्षेत्ररक्षकाचा थ्रो आदळला आणि त्यांना मैदान सोडावं लागलं. वेगवान गोलंदाजी केलेल्या पाठी-गुडघ्यांना दिवसाचे सहा तास उभं राहणं किती सोसेल हे डॉक्टरांना आधी विचारा. डोळ्यांबरोबर कानही तपासून घ्या. पायचीतासाठी नजर लागते, पण यष्टिरक्षकाकडच्या झेलात निम्मं काम कान करतात.

परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी एक करून बघा. जवळच्या नेट्समध्ये परवानगी घेऊन पंचाच्या जागी उभे राहा. मागे स्टंपांच्या रेषेत मोबाइलचा कॅमेरा लावा. गोलंदाजांना अपील करू देऊ नका. पॅडवर आदळलेल्या प्रत्येक चेंडूचा निर्णय वहीत लिहा आणि संध्याकाळी व्हिडिओशी ताडून बघा. किती चुकले याहून कोणत्या बाजूला चुकले ते बघा. चुका गोलंदाजाच्या बाजूने झुकताहेत की फलंदाजाच्या, त्यावरून तुमचं मन कुठे ओढतं ते कळेल. काही शालेय सामन्यांत दिवसभर उभे राहा, एखाद्या सामन्यात स्कोअररच्या शेजारी बसा. तुमच्या खुणा त्यांना कशा दिसतात, आखूड धाव आणि ओव्हरथ्रो वहीत कसे उतरतात, हे तिथेच कळतं. पहिल्यांदा रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या तीन महिलांपैकी वृंदा राठी विद्यापीठाकडून मध्यमगती गोलंदाजी करायच्या, नंतर त्यांनी स्कोअरर म्हणून काम केलं आणि मग पंचगिरी. तीच वाट २०२३ मध्ये त्यांना रणजीपर्यंत घेऊन आली. तुमच्यासारखीच पत्रं मला खेळणं थांबवलेल्या मुलींकडूनही येतात, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

नियमपुस्तक वाचताना ४२ नियम क्रमाने पाठ करत बसू नका. तुम्हाला ज्यांची गरज कधी पडली नाही, ते आधी वाचा : मृत चेंडू, धावा मोजणं, धावचीत, क्षेत्ररक्षणात अडथळा. नो-बॉल आणि पायचीत सगळ्यात शेवटी, कारण ते आपल्याला येतात असं तुम्हाला वाटतं, आणि तिथे तुम्ही खेळाडूंच्या ऐकीव समजुतींवर चालत असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

अकादमीला नकार एवढ्यात कळवू नका, एका हंगामाची मुदत मागा. स्थानिक स्पर्धांत अजून कुठे खेळत असाल तर मात्र परीक्षेला नाव नोंदवण्याआधी ते बंद करा. सकाळी पंच आणि संध्याकाळी गोलंदाज असं करून कुणाचाच विश्वास मिळत नाही. नेट्समधली वही भरली की तिचे आकडे मला कळवा, आणि त्या सामन्यातल्या पायचीताचं चित्रीकरण कुणाकडे असेल तर तेही एकदा मिळवून बघा, पंचांच्या मागच्या कॅमेऱ्यातून.